वावरात सोयाबीन, ताटात रेशनचा तांदूळ: घरापुरती ज्वारी परत पेरायची का?

काळीमाती (अकोट)
राजेहो, डोक्यात फिरून राहिलं म्हणून टाकतो. आमच्या गावात दसऱ्याच्या आगंमागं सोयाबीन निघते, थ्रेशरवरून पोत्यात अन् पोत्यातून थेट मार्केटला. त्यातून तेल निघते अठराएक टक्के, बाकीची ढेप कोंबड्यांच्या खाद्यात नाहीतर देशाबाहेर. अन् आपण घरी काय खातो तं रेशनचा तांदूळ, रेशनचा गहू, दुकानातलं तेलाचं पाकीट, उन्हाळ्यात तं सांभार म्हणजे कोथिंबीरही मंडीतून येते. घरचं म्हणावं असं ताटात फक्त तुरीचं वरण अन् मिरची. शहरातले लोक पर्यावरणाला चांगलं, तब्येतीला चांगलं असं लिहिलेली पाकिटं शोधत फिरतात, ते सगळं आपल्या आज्याच्या पेऱ्यात होतं. ज्वारीत तूर, बाजूला मूग-उडीद, धुऱ्यावर म्हणजे बांधावर अंबाडी, रब्बीत जवस. ज्वारीला पावसावर भागते, तूर-मुगानं जमिनीला नत्र भेटते, कडबा ढोरांना अन् शेणखत परत वावरात. घरापुरती एक एकर तरी पेरावी असं माझं स्पष्ट मत. बोला.

रोही_हाकला (कारंजा)
भाऊ, बोलाले काय जाते. एक एकर ज्वारी म्हंजे साऱ्या शिवारातल्या डुकराईची पंगत. आधी साऱ्या गावात ज्वारी असे तं नुकसान वाटल्या जाये, आता एकट्यानं पेरली का सारे तुह्याच वावरात. आमी जुन्या साड्यायचं कुंपण केलं होतं, सुरवातीले रोही, म्हंजे नीलगायी, बिचकले, मंग एक रोही गुलाबी साडी शिंगात घेऊन चन्यात फिरून रायला होता, हसावं का रडावं. झटका मशीन, म्हंजे करंटचं कुंपण, लावाचं तं खर्च, जागल कराची तं पोरगं पुण्यात. अन् कनसं भरली अन् परतीचा पाऊस आला का दाने काळे. २०२४-२५ चा हमीभाव ३,३७१ रुपये क्विंटल, पन काळ्या ज्वारीले व्यापारी थो भाव देते का? सोयाबीन डुक्कर खात नाई असं नाई, पन तीन-साडेतीन महिन्यात मोकळं तं होते.

भाकरथाप (दारव्हा)
ज्वारी पेरा म्हणणाऱ्याने भाकर कोण थापणार ते लिहिलंच नाही. 🙂 कणीक एकदा मळली की पोळ्यांचे डबे होऊन जातात. ज्वारीचं पीठ आधणाच्या पाण्यात एकेका भाकरीपुरतं मळावं लागते, पीठ जरा जुनं झालं की काठ चिरतात, तव्यावर टाकताना अर्धी हातात राहते. आमच्याकडचा चक्कीवाला ज्वारी शनिवारीच दळते कारण गव्हाच्या पिठात मिसळते म्हणून बाकीचे गिऱ्हाईक ओरडतात. दिवसभर निंदून आलेली बाई संध्याकाळी कुकरमध्ये भात लावते त्यात तिचं काय चुकलं? अन् आधीचे लोक ज्वारी खाऊन ठणठणीत होते हे तर सांगूच नका. १९७२ च्या दुष्काळात आमच्या सासूबाईंनी रेशनवरचा अमेरिकेचा लाल मिलो, म्हणजे तिकडची ज्वारीच, खाल्ला, त्यांना अजूनही पांढरा भात म्हणजे सणच वाटते.

काळीमाती (अकोट)
ताई, तुमचा मुद्दा खरा, पण भाकरच कशाला? गव्हात तिसरा हिस्सा ज्वारी दळून आणा, पोळी तुटत नाही. घुगऱ्या करा, आंबील करा. पांढऱ्या भातापेक्षा पोटाला आधार राहतो, साखर चढते तीही हळू. आमच्या गावात शुगरची गोळी चालू नाही असं घर शोधावं लागते.

तलावकाठ (साकोली)
वऱ्हाडवाल्यांना विदर्भ म्हटलं की ज्वारीच दिसते. आमच्या भंडारा-गोंदियाकडे तांदूळ हेच घरचं अन्न आहे, रेशन येण्याच्या कितीतरी आधीपासून. जुन्या मालगुजारांनी बांधलेल्या मालगुजारी तलावाचं पाणी धानाला, त्याच तलावातले मासे ताटात, धान कापायच्या आधी ओलीवर लाखोळीची डाळ फेकायची, ती नंतर नुसत्या ओलाव्यावर येते, नांगरट नाही की खत नाही. बांधीतल्या, म्हणजे धानाच्या खाचरातल्या, साचलेल्या पाण्यातून मिथेन निघतो हे मान्य, पण म्हणून आम्ही अकोल्याची ज्वारी ट्रकनं मागवायची का? आणि जुनं ते सगळं चांगलं असंही नाही. लाखोळीचंच घ्या, दुष्काळात लोकांनी रोज तेवढंच खाल्लं तर पाय लुळे पडायचे, म्हणून १९६१ मध्ये तिच्या विक्रीवर बंदी आली होती. इतर धान्यासोबत थोडी खाल्ली तर गोष्ट वेगळी. खरं तर तलावांतला गाळ काढा, एवढी एकच मागणी करा, अर्ध्या गावाला मासे मिळतील.

हिशेबी (आर्वी)
सगळे वावरावर अन् चुलीवर भांडून राहिले, रेशन दुकानाकडे कोणी पाहतच नाही. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्यात तांदूळ ३ रुपये, गहू २ रुपये अन् भरड धान्य १ रुपया किलो असं लिहिलं होतं, जानेवारी २०२३ पासून तेही फुकट. फुकटच्या तांदळासमोर घरची ज्वारी महागच पडणार, डुक्कर नसले तरी. २०२३ हे भरड धान्याचं आंतरराष्ट्रीय वर्ष होतं, बॅनर लागले, शहरात ज्वारीची बिस्किटं निघाली. आपल्याच जिल्ह्यातली ज्वारी हमीभावाने घेऊन आपल्याच रेशनवर द्या, अंगणवाडीत द्या, मग पाहा लोक पेरतात की नाही. खरेदीची खात्री नसताना शेतकऱ्याला पर्यावरण शिकवणं मला तरी पटत नाही.

रोही_हाकला (कारंजा)
रेशनात ज्वारी आली तं अर्धे लोक थे इकून तांदूळच घेतीन, लिहून ठेवा.

भाकरथाप (दारव्हा)
विकतील ना, चक्की शनिवारचीच राहिली तर विकणारच. माझं ऐका, ज्वारीवरून भांडण्यापेक्षा जिथं बाईचं काम वाढत नाही तिथून सुरू करा. जवस पेरा, भाजून तीळ-लसूण टाकून चटणी केली की महिनाभर टिकते, ओमेगा-३ तिच्यातूनही भेटते. पावसाळ्यात तरोटा अन् अंबाडीची पालेभाजी फुकट आहे, मुंगवड्या करून ठेवल्या की उन्हाळ्यात मंडी लागत नाही. अन् डुकरासाठी धुऱ्यावर करडीचा पट्टा लावा, काटे असतात म्हणून जनावर सहसा आत शिरत नाही, वरून घाण्याचं तेल घरचं.

रोही_हाकला (कारंजा)
काकू, करडीचा काटा डुकराले टोचते तसा मजुरालेही टोचते, अन् तेवढ्या पट्ट्यासाठी हार्वेस्टरवाला येत नाई. हात-पायाले फडके बांधून कापनारं कोनी असन तं सांगा, ज्वारीही पेरतो.