स्प्लीन काढलेल्या भावाला ताप आला तर नक्की काय करायचं?

वाटसरू_सातारा: नमस्कार मंडळी. लहान भावाचा फेब्रुवारीत बाईकवरून अपघात झाला, स्प्लीन (पाणथरी) फाटून पोटात रक्त साचलं म्हणून त्याच रात्री काढून टाकावी लागली. आता ठणठणीत आहे, कामावर जातो. डिस्चार्ज कार्डवर टाके कधी काढायचे आणि जड उचलू नका एवढंच लिहिलेलं. परवा फॅमिली डॉक्टरांनी विचारलं लसी घेतल्या का, आणि म्हणाले ताप आला तर एक रात्रसुद्धा थांबायचं नाही. आईने तेव्हापासून धसका घेतलाय. आमच्याकडे ताप म्हणजे क्रोसिन घ्यायची आणि दोन दिवस बघायचं. स्प्लीनशिवाय माणूस नीट जगतो ना, मग हे काय?

आयसीयूवाला: जगतो, पण डॉक्टर शंभर टक्के बरोबर सांगतायत. न्यूमोकॉकस, मेनिंगोकॉकस, हिब या जंतूंवर जाड कवच असतं, त्यांना रक्तातून गाळून काढायचं मुख्य काम स्प्लीनचं. ती नसली की ते रक्तात भराभर वाढतात. सुरुवात अगदी फ्लूसारखी, थंडी वाजून ताप, अंगदुखी, उलट्या, कधी जुलाब, म्हणून तर लोक घरी थांबतात, आणि मग काही तासांत बीपी पडतं, अंगावर जांभळे डाग येतात, किडनी बंद पडायला लागते. सकाळी चालता बोलता माणूस दुसऱ्या दिवशी नसतो असं होऊ शकतं. एकदा हे झालं की निम्म्याच्या आसपास पेशंट वाचत नाहीत. होतं क्वचित, अपघातात काढलेल्यांना थॅलेसेमियासारख्या रक्ताच्या आजारामुळे काढलेल्यांपेक्षा धोका कमी, पहिली दोन-तीन वर्षं जास्त, पण आयुष्यभर पूर्ण जात नाही.

न्यूमोकॉकल (आधी कॉन्जुगेट प्रकारची, मग ८ आठवड्यांनी जंतूच्या २३ प्रकारांवरची), मेनिंगोकॉकल, हिब आणि दरवर्षी फ्लू, एवढ्या लसींचं डॉक्टरांकडून लिहून घ्या. तातडीच्या ऑपरेशननंतर साधारण १४ दिवसांनी सुरू करतात, राहिल्या असतील तर आता घ्या, उशीर झाला म्हणून सोडू नका. ऑगमेंटिनसारखी अँटिबायोटिक गोळी त्यांच्या सल्ल्याने घरात ठेवा, ताप आला की पहिला डोस घ्यायचा आणि *तसंच* हॉस्पिटल गाठायचं. गोळीने उतरतोय का बघत बसायचं नाही. कॅज्युअल्टीत पहिलं वाक्य, "याला स्प्लीन नाही." शिरेतून अँटिबायोटिक लगेच सुरू व्हायला हवं, रिपोर्टची वाट बघून नाही.

गडचिरोलीची_आई: काढलेलीच असायला पाहिजे असं नाही हो. माझ्या मुलीला सिकलसेल (रक्ताचा आनुवंशिक आजार) आहे, तिची पाणथरी बरगडीखाली हाताला लागते एवढी मोठी, पण काम करत नाही. पाच वर्षांची होईपर्यंत रोज दोनदा पेनिसिलिन दिलं. अमेरिकेत १९८६ मध्ये सिकलसेलच्या लहान मुलांवर अभ्यास झाला होता, पेनिसिलिनने न्यूमोकॉकसचं इन्फेक्शन ८४ टक्के कमी झालं, तेव्हापासून हे द्यायला लागले. ताई-दादांनो, घरात सिकलसेलचं मूल असेल तर हे विचाराच. आणि आमच्याकडे मलेरिया खूप, स्प्लीन नसणाऱ्याला तोही जड जातो, मच्छरदाणी सोडू नका.

वाटसरू_सातारा: खूप आभार दोघांचे. सोमवारी लसींसाठी नेतोय. त्याच्या पाकिटात "स्प्लीन नाही" अशी चिठ्ठी लिहून ठेवलीय मराठी-इंग्रजीत. अजून काही?

आयसीयूवाला: चिठ्ठीवर रक्तगट आणि लसींच्या तारखा पण टाका. आणि कुत्रं चावलं तर फक्त रेबीजचं इंजेक्शन घेऊन परत येऊ नका, कुत्र्याच्या लाळेतल्या एका जंतूने स्प्लीन नसलेल्यांना असंच भयंकर इन्फेक्शन होतं, त्यामुळे अँटिबायोटिक त्याच दिवशी मागून घ्या, ओरखडा असला तरी.