दहा टक्क्यांचा भागीदार साऱ्या कर्जाला बांधील का?

लालबागकर:
लोहार चाळीतल्या विजेच्या सामानाच्या एका पेढीत माझ्या मामांचा दहा टक्के वाटा होता. व्यवहार दुसरे भागीदार बघत. मामा दिवाळीच्या वहीपूजनापुरते गादीवर बसत. पेढी बुडाली आणि माल देणाऱ्या व्यापाऱ्याने न्यायालयातून मिळवलेला हुकूमनामा आता मामांच्या परळच्या खोलीवर येऊन ठेपला आहे, कारण दुसऱ्याकडे जप्त करण्यासारखे काही उरलेले नाही. भारतीय भागीदारी अधिनियम, १९३२ च्या कलम २५ प्रमाणे प्रत्येक भागीदार संयुक्तपणे आणि पृथकपणेही, म्हणजे एकटाही साऱ्या देण्याला, जबाबदार असतो. पण नफ्याला दहा टक्के आणि देण्याला शंभर, हे मला अन्यायाचे वाटते. देणेही वाट्याइतकेच असावे.

घाऊक व्यापारी:
मी असहमत आहे. मी उधारीवर माल सोडतो तो बिलावरची सगळी नावे बघून. कोणाचा वाटा किती, हे त्यांचे भागीदारीपत्र मला कोणी दाखवत नाही. वसुली वाट्यापुरती ठरली, तर कफल्लक माणसाच्या नावे नव्वद टक्के लिहून घर असलेल्याला दहावर ठेवण्याची युक्ती बाजारात लगेच रूढ होईल. मामांनी जादा भरल्यास ते दुसऱ्या भागीदाराकडून मागण्याचा हक्क त्यांना आहेच.

लालबागकर:
कफल्लकाकडून वसूल करण्याचा हक्क घेऊन काय करायचे? शिवाय मामा २०१९ मध्येच निवृत्त झाले, तसा स्टँपपेपरवर करार आहे. हा माल २०२१ चा आहे.

फोर्टमधील वकील:
हे आधी सांगायला हवे होते. आपसातला करार धनकोला, म्हणजे उधारी देणाऱ्याला, बांधत नाही. कलम ३२ नुसार जाहीर नोटीस निघेपर्यंत निवृत्त भागीदार नंतरच्या व्यवहारांनाही जबाबदार राहतो, आणि पेढी नोंदणीकृत असल्यास कलम ७२ प्रमाणे पेढ्यांची नोंद ठेवणाऱ्या निबंधकाला कळवून ती राजपत्रात व स्थानिक भाषेच्या एका तरी वृत्तपत्रात छापावी लागते. पेढी फुटल्याची कुजबुज नको म्हणून अनेक जण नेमके हेच टाळतात. मात्र मामा भागीदार होते हे त्या व्यापाऱ्याला ठाऊकच नसेल, तर २०२१ चे देणे त्यांच्यावर येत नाही. तसेच हुकूमनामा पेढीविरुद्ध असून मामा दाव्यात हजर झाले नसतील, त्यांनी भागीदारी कबूल केली नसेल, न्यायालयाने तसे ठरवले नसेल आणि त्यांना भागीदार म्हणून व्यक्तिशः समन्सही बजावले गेले नसेल, तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश २१, नियम ५० प्रमाणे न्यायालयाच्या परवानगीवाचून त्यांच्या खोलीला हात लावता येत नाही.

घाऊक व्यापारी:
जबाबदारी मर्यादितच हवी होती, तर २००८ च्या अधिनियमाखाली एलएलपी (मर्यादित दायित्व भागीदारी) करता आली असती. अर्थात मग नावापुढची ती अक्षरे वाचून मी उधारीही बेतानेच दिली असती.

लालबागकर:
नोटीस दिलेली नाही. तो व्यापारी दर दिवाळीला मामांना मिठाईचा डबा देत असे, म्हणजे ठाऊक नव्हते असे म्हणता येणार नाही. समन्स मात्र दुकानाच्या पत्त्यावर गेले आणि दुसऱ्या भागीदाराने घेतले. मामांना ते कधी मिळालेच नाही. उद्या कागद घेऊन वकिलांकडे जातो. वाट्याइतक्या देण्याबद्दलचे माझे मत कायम आहे.