मदत हवी आहे: जगाच्या बायोम नकाशात माळवा कोणत्या रंगात दाखवावा?

नमस्कार मंडळी,

मी इंदूरची. इथल्या मराठी घरांतली आठवी ते दहावीची मुलं सुटीत माझ्याकडे भूगोल शिकायला येतात. सध्या आम्ही मिळून भिंतीवर जगाचा मोठा नकाशा करतोय आणि त्यात बायोम, म्हणजे हवामान आणि वनस्पतींवरून पाडलेले जगाचे मोठे नैसर्गिक विभाग, रंगवतोय. बाकी जग जवळजवळ रंगवून झालं. अडलंय ते आपल्या माळव्यापाशी. जाणकारांनी कृपया मदत करावी.

जे जमलं ते आधी सांगते, म्हणजे मुलांची समज कुठवर आली आहे ते कळेल. विषुववृत्तावर तापलेली दमट हवा वर चढते, तिथेच भरपूर पाऊस पडतो, म्हणून ॲमेझॉन, काँगो, इंडोनेशियाची सदाहरित वनं. तीच हवा कोरडी होऊन ३० अंशांच्या आसपास खाली उतरते, म्हणून सहारा, अरबस्तान, कलहारी, ऑस्ट्रेलियाचं वाळवंट. अटाकामा आणि नामिब समुद्राला चिकटून असूनही कोरडे का, तर शेजारून हम्बोल्ट आणि बेंग्वेला हे थंड प्रवाह वाहतात. भूमध्यसागरी रंग जगात पाचच ठिकाणी भरावा लागला: भूमध्य समुद्राभोवती, कॅलिफोर्निया, मध्य चिली, केप आणि ऑस्ट्रेलियाचा नैर्ऋत्य व दक्षिण किनारा. यातली बहुतेक ठिकाणं खंडाच्या पश्चिम बाजूला आहेत, हे एका मुलीने न सांगता हेरलं. तैगाचा, म्हणजे थंड प्रदेशातल्या सूचिपर्णी वनांचा, पट्टा कॅनडापासून सैबेरियापर्यंत आहे, पण दक्षिण गोलार्धात नाही, कारण त्या अक्षांशांवर तिकडे एवढी जमीनच नाही. हेही पटलं.

मग आम्ही कर्कवृत्तावरून बोट फिरवलं. ते आमच्या उज्जैनजवळून जातं. पश्चिमेला अरबस्तान, सहारा, मेक्सिको, सगळं कोरडं. पूर्वेला बंगाल, म्यानमार, दक्षिण चीन, तैवान, सगळं हिरवं. एकाने लगेच विचारलं, "मग आपण कोण?" मान्सूनमुळे आपलं वाळवंट झालं नाही, इतकं मी सांगितलं. पण रंग कोणता, याचं उत्तर मला देता आलं नाही.

जुन्या मराठी पाठ्यपुस्तकांत 'मोसमी प्रदेश' हा वेगळाच नैसर्गिक प्रदेश असतो. परिसंस्था-अभ्यासक व्हिटेकर यांच्या तापमान-पर्जन्याच्या आलेखात मोसमी असं काही नाही. इंदूरचं सरासरी तापमान सुमारे २५ अंश आणि पाऊस साधारण साडेनऊशे ते हजार मिलिमीटर धरला, तर आपला ठिपका 'ऋतुमानी वन/सव्हाना' अशा जोडनावाच्या भागात पडतो (सव्हाना म्हणजे सलग गवत आणि विखुरलेली झाडं), म्हणजे उत्तर मिळतच नाही. आणि २००१ साली आलेल्या डब्ल्यूडब्ल्यूएफ या निसर्गसंवर्धन संस्थेच्या नकाशात (१४ बायोम आणि त्यांच्या पोटात ८६७ लहान परिप्रदेश) मध्य भारत जवळजवळ सगळा शुष्क पानझडी वन म्हणून रंगवलाय.

डोळ्यांना मात्र दोन्ही दिसतं. इंदूरजवळच्या चोरलच्या घाटात उतरलं की साग, उन्हाळ्यात पार निष्पर्ण. आणि धारकडे सरदारपूर, रतलामकडे सैलाना इथे गवताळ माळ. खरमोर हा माळावरचा पक्षी पावसाळ्यात तिथे विणीसाठी येतो, त्यासाठीच १९८३ साली दोन्हीकडे अभयारण्यं झाली. नर उंच गवतातून उड्या मारून मादीला दिसतो. दाट झाडीत हे शक्यच नाही.

तर प्रश्न असे. रंग कोणता द्यावा? हे गवत मुळातलं आहे, की झाडं तोडल्यावर उरलेलं? आणि बायोम एकूण किती, कुठे आठ, कुठे चौदा, हे मुलांना कसं समजवावं? दुसरा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. 'इथे पूर्वी जंगलच होतं' असं मुलं घरी ऐकतात, आणि चुकीचं काही शिकवायचं नाहीये.

आगाऊ आभार.

प्रतिसाद: माळरान, पुणे

ताई, तुमच्या दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण माझं काम माळरानांवरच आहे.

गवत म्हणजे तोडलेल्या जंगलाचा उरलेला भाग, हे सरसकट खरं नाही. हिमालयाच्या पायथ्याच्या शिवालिक टेकड्यांतल्या जुन्या मातीतल्या कार्बनवरून दिसतं की उष्ण, उन्हाळी हवामानात वाढणारं सी-४ प्रकारचं गवत ८० ते ६० लाख वर्षांपूर्वीच उपखंडात पसरलं होतं. तेव्हा कुऱ्हाड चालवायला माणूसच नव्हता.

आता पावसाचं. आफ्रिकेतल्या सव्हानांवर २००५ साली महेश शंकरन आणि सहकाऱ्यांचा अभ्यास आला. त्यात असं दिसलं की वर्षाला साधारण ६५० मिलिमीटरपर्यंत पाणीच झाडांना आवरतं. त्याहून जास्त पावसात झाडं दाटू शकतात, पण वणवा आणि चरणारी जनावरं त्यांना थोपवून धरतात. आकडे आफ्रिकेचे आहेत, ते माळव्याला जसेच्या तसे लावू नका. तत्त्व मात्र उपयोगी आहे. तुमच्या पावसात जंगल आणि सव्हाना दोन्ही शक्य आहेत आणि कोण जिंकेल ते पाऊस ठरवत नाही. व्हिटेकर यांनीही मूळ आलेखात एक तुटक रेघ काढून हेच म्हटलं होतं, की या भागात माती आणि आग यांवर ठरतं. पुढच्या अनेक पुस्तकांनी ती रेघ गाळली.

माळव्यात मातीचं वजन मोठं आहे. बेसॉल्टवरची काळी कापसाची माती पावसात फुगते, उन्हाळ्यात फाटते. कोवळ्या झाडांच्या मुळांना ती फाटण सोसत नाही, गवत निभावून नेतं. घाटाच्या उतारावर पाण्याचा निचरा होतो, तिथे साग उभा राहतो.

मुलांना चोरलला नेलंत तर वर न बघता झाडांखाली बघायला सांगा. दाट वनात सावलीने गवत मरतं. झाडांखाली सलग गवत असेल, साली जाड असतील, जळाल्यावर बुंध्यातून पुन्हा फूट येत असेल, तर नकाशा काहीही म्हणो, ते सव्हानासारखं वागतंय. आपली बरीच 'शुष्क पानझडी वनं' खरं तर झाडांची सव्हाना आहेत, असं आता अनेक अभ्यासक मांडतात. काही माळ नक्कीच तोडीमुळे झालेत, त्यामुळे प्रत्येक जागेचा पुरावा वेगळा बघावा लागतो. पण 'बिघडलेलं जंगल' असा शिक्का बसला की खड्डे खणून रोपं लावली जातात, आणि मग खरमोरला उतरायला जागा राहत नाही. म्हणून तुमचा रंगाचा प्रश्न लहान नाही.

प्रतिसाद: निवृत्त मास्तर, वडोदरा

वरच्या मुद्द्याला आमच्याकडचा दाखला जोडतो. कच्छच्या बन्नीत १९६०च्या दशकात खारेपणा थोपवायला गांडो बावळ (विलायती बाभूळ) लावला. तो पसरत गेला आणि गवत मागे हटलं, मालधारींची, म्हणजे तिथल्या पशुपालकांची, गुरं अडचणीत आली. भावनगरजवळच्या वेळावदरला काळवीट आणि गवत दोन्ही टिकून आहेत, ते पाहण्यासारखं आहे.

बायोम किती, याचं उत्तर 'कोण मोजतंय आणि काय मोजतंय' यावर आहे. हवामानतज्ज्ञ कोपेन यांनी १८८४ पासून हवामानाचे विभाग केले, पण रेषा वनस्पती पाहून आखल्या. भूगोलतज्ज्ञ हर्बर्टसन यांनी १९०५ मध्ये नैसर्गिक प्रदेश मांडले. आपल्या पाठ्यपुस्तकातला मोसमी प्रदेश त्या परंपरेतला. चॅम्पियन आणि सेठ यांची १९६८ची भारतीय वनप्रकारांची यादी १६ गटांची, पण ती वनाधिकाऱ्यांच्या कामाची. त्यात गवताळ माळाला स्वतंत्र मान मिळणं अवघडच होतं. मुलांना प्रत्येक नकाशाखाली 'हा कशावरून केला' असं एक वाक्य लिहायला लावा. परीक्षेत मात्र 'मोसमी पानझडी वने' हेच लिहू द्या, गुण जायला नकोत.

प्रतिसाद: धागाकर्ती

माळरान, मास्तर, दोघांचे मनापासून आभार. मुलांसमोर दोन्ही प्रतिसाद मोठ्याने वाचले. माळव्यावर आम्ही पानझडी वनाच्या रंगावर सव्हानाच्या रंगाचे तिरपे पट्टे ओढणार आहोत, आणि सूचीत त्याला वेगळी चौकट देऊन 'आग, चराई व माती यांवर अवलंबून' असं लिहिणार आहोत. चोरललाही जाऊ, पावसाळा संपल्यावर, गवत उंच असताना.

एकच शंका उरली. हेच पट्टे दक्षिणेला महाराष्ट्रात किती दूर न्यायचे?

प्रतिसाद: माळरान, पुणे

सह्याद्रीच्या पूर्वेचा पर्जन्यछायेचा पट्टा, म्हणजे अहिल्यानगर, सोलापूर, पुण्याचा पूर्व भाग, तिथे पट्टे नकोत, सरळ सव्हानाचा रंग भरा. पाऊस ५००-६०० मिलिमीटरच्या आसपास, बाभूळ, हिवर आणि गवत. पट्टे विदर्भाच्या सागवनांकडे न्या. घाटमाथ्यावर सदाहरित रंगाची एक बारीक रेघ राहू द्या.