'द स्ट्रेंजर्स' (२००८): समीक्षकांचे आकडे आणि चित्रपटाचं आजचं स्थान, मेळ कसा लावायचा?

निशाचर_७ (प्रश्न)

ब्रायन बर्टिनोच्या 'द स्ट्रेंजर्स'वर सविस्तर परीक्षण लिहायला घेतलं आहे, पण त्याच्या स्वागताबद्दलचा परिच्छेद काही केल्या जुळत नाही. परीक्षणं एकत्र करणाऱ्या संकेतस्थळांपैकी रॉटन टोमॅटोजवर पन्नास टक्क्यांच्या जरा खाली, मेटाक्रिटिकवरही पन्नाशीच्या आत. अमेरिकी समीक्षक रॉजर ईबर्ट यांनी चारपैकी दीडच तारा दिलेला. दुसरीकडे ९० लाख डॉलरमध्ये झालेल्या या चित्रपटाने जगभरात ८ कोटी डॉलरच्या वर गल्ला जमवला, आणि आज होम इन्व्हेजनपटांची (घरात शिरून होणाऱ्या हल्ल्यांवरच्या चित्रपटांची) कुठलीही यादी त्याच्याशिवाय पुरी होत नाही. उलट 'हश' (२०१६) थेट नव्वदीच्या वर.

हे आकडे शेजारी ठेवून तुलना करणं कितपत बरोबर? आणि मांडणीच्या बाजूने अशा चित्रपटात नेमकं काय तपासायचं, म्हणजे 'भीती वाटली', 'भीती वाटली नाही' याच्या पुढे जाता येईल?

धाग्यात शेवटासकट सगळं फुटणार आहे. पाहिला नसेल तर इथेच थांबा.

पडद्यामागे

आधी आकडे, कारण निम्मा गोंधळ तिथेच आहे.

टोमॅटोमीटर, म्हणजे रॉटन टोमॅटोजचे ते टक्के, हे गुण नव्हेत. एकूण परीक्षणांपैकी किती अनुकूल, एवढंच ते प्रमाण. प्रत्येक परीक्षणाची 'हो' किंवा 'नाही' अशी एकच नोंद होते. शंभर समीक्षकांनी पाचपैकी तीन तारे देऊन 'बघायला हरकत नाही' म्हटलं तरी आकडा शंभर टक्के येतो. निम्म्यांनी डोक्यावर घेतला आणि निम्म्यांनी झोडपला तर पन्नास. 'द स्ट्रेंजर्स' या दुसऱ्या जातीचा आहे. चाळीस ते साठच्या पट्ट्यातला आकडा दिसला की तो 'मध्यम चित्रपट' असा वाचू नका. त्याच पानावरचे सरासरी गुण बघा, आणि दोन्ही टोकांची दोन-दोन परीक्षणं पूर्ण वाचा. समीक्षक कशावरून भांडत होते ते तिथेच कळतं.

मेटाक्रिटिक गुणांची सरासरी काढतं, पण सगळ्यांचं वजन सारखं धरत नाही, आणि कुणाला किती वजन ते जाहीरही करत नाही. ज्या परीक्षणात तारे नसतात त्याला तिथली माणसं मजकूर वाचून आकडा देतात. ६१ पासून हिरवा, ४० ते ६० पिवळा, त्याखाली लाल. म्हणजे 'द स्ट्रेंजर्स' पिवळ्यात येतो, लाल नव्हे. परीक्षणात 'समीक्षकांनी नाकारलेला' असं लिहिलंत तर ते चूक ठरेल. 'दुभंगलेलं मत' म्हणा.

सिनेमास्कोर ही तिसरीच चीज. अमेरिकेत पहिल्या दिवशीच्या प्रेक्षकांकडून चित्रपटगृहातच कार्ड भरून घेतात. जाहिरात पाहून जे मनात धरून आलो ते मिळालं की नाही, हे त्यात उतरतं. २०१७ च्या 'मदर!'ला समीक्षकांचं बहुमत मिळालं, पण सिनेमास्कोर 'एफ'. भयपटांना तिथे एरवीही हात आखडूनच श्रेणी मिळते. 'बी' मिळाली तर ती चांगली समजा.

'हश'शी तुलना करताना एक फरक लक्षात घ्या. तो साउथ बाय साउथवेस्ट महोत्सवातून ८ एप्रिल २०१६ ला थेट नेटफ्लिक्सवर आला. परीक्षणं कमी, आणि लिहिणारे बरेचसे भयपटांकडे आपणहून वळणारे. 'द स्ट्रेंजर्स' ३० मे २००८ ला मोठ्या प्रमाणावर चित्रपटगृहांत लागला. दैनिकांच्या समीक्षकांना आवड असो-नसो, पाहून लिहावंच लागलं. शिवाय वेळही वाईट. 'सॉ' आणि 'हॉस्टेल'सारख्या छळपटांच्या लाटेने समीक्षक आधीच वैतागलेले, आणि मार्च २००८ मध्येच दिग्दर्शक मिखाएल हानेकेच्या 'फनी गेम्स'ची अमेरिकी आवृत्ती येऊन गेलेली. दोन-तीन महिन्यांत विनाकारण छळाचा दुसरा चित्रपट समोर आला की त्याची झळ परीक्षणाला लागतेच.

आणि टक्के लिहाल तेव्हा कुठल्या तारखेला पाहिले ते लिहा. जुन्या चित्रपटांची नवी परीक्षणं जमा होत राहतात, आकडा सरकत राहतो.

चौकट_कॅमेरा

मांडणीचं मी सांगतो. या प्रकारात सगळ्यात आधी घराचा नकाशा तपासा. दारं किती, कुठल्या खोलीतून काय दिसतं, फोन कुठे, हत्यार कुठे, हे प्रेक्षकाला हल्ल्याच्या आधी ठाऊक असलं पाहिजे. धोका ज्या दिशेने येणार ती दिशाच माहीत नसेल तर ताण निर्माण होत नाही, नुसता दचका बसतो. 'पॅनिक रूम' (२००२) मध्ये घर दाखवायला आलेली दलाल आपल्यालाच सगळे मजले, लिफ्ट आणि ती पोलादी खोली हिंडवून आणते. खोलीत स्वतंत्र फोन आहे, हेही आधीच कानावर घातलेलं असतं. 'डोन्ट ब्रीद' (२०१६) मध्ये चोर आत शिरल्यावर कॅमेरा न तुटता घरभर फिरतो. भिंतीवरची अवजारं, पलंगाखालचं पिस्तूल, तळघराचं कुलूप, सगळं दाखवून ठेवतो. पुढच्या तासाभरात यातली एकही वस्तू आयत्या वेळी उपटल्यासारखी वाटत नाही.

'द स्ट्रेंजर्स' हे सलग न फिरवता स्थिर, रुंद चौकटींतून करतो. त्याचा गाजलेला शॉट नीट तपासा. लिव्ह टायलरची क्रिस्टन घरात एकटी, चौकटीत पुढे. तिच्या मागे अंधारं दालन. त्या अंधारात पोत्याच्या कापडाचा मुखवटा घातलेला माणूस उमटतो आणि नुसता उभा राहतो. संगीताचा दणका नाही, त्याच्या चेहऱ्यावर कट नाही. क्रिस्टन वळत नाही. कॅमेरा तिच्यावरच आहे, ती आपल्या कामात आहे, आणि थोड्या वेळाने मागचा कोपरा रिकामा झालेला असतो. बोट दाखवून 'तिकडे बघा' असं दिग्दर्शक म्हणतच नाही, म्हणून प्रेक्षकाला तो आपल्यालाच दिसला असं वाटतं, आणि मग उरलेल्या चित्रपटभर तो प्रत्येक चौकटीचे कोपरे चाळत बसतो. एका शॉटवर पुढच्या अर्ध्या तासाची भीती उभी केली आहे. हे दिग्दर्शकाचं पहिलंच काम आहे हे लक्षात घेतलं तर अधिकच मोठं वाटतं.

हा शॉट उजेडाच्या खोलीत मोबाइलवर पाहिला तर अक्षरशः हुकतो. परीक्षणासाठी परत पाहाल तेव्हा दिवे बंद करा, टीव्हीचं मोशन स्मूदिंग बंद करा, ब्राइटनेस आपोआप बदलणारी सेटिंगही बंद करा. ती चालू असेल तर अंधारे भाग एकसारखे काळे होतात आणि मुखवटा त्यात बुडतो. हेडफोन लावलेत तर आणखी बरं. दारावरची थाप, रेकॉर्ड प्लेअरवरची गाणी आणि त्यांच्यामधली शांतता हेच इथलं खरं पार्श्वसंगीत.

दुसरी तपासणी: बाहेर पडायच्या वाटा कोण बंद करतं आणि कशी. इथे ते टप्प्याटप्प्याने होतं. पोर्चचा बल्ब काढलेला, म्हणून दार ठोठावणाऱ्या मुलीचा चेहरा दिसत नाही. तिचा जोडीदार जेम्स सिगारेट आणायला जातो, क्रिस्टन एकटी पडते. चार्जिंगला लावलेला तिचा मोबाइल जागेवरून गायब. पुढे गाडीची वाट लागते. मदतीला आलेल्या मित्राला जेम्सच हल्लेखोर समजून गोळी घालतो. इथवर साखळी पक्की आहे.

चित्रपटाची गाडी घसरते ती त्यानंतर. जेम्स मदत मागण्यासाठी संदेशाचा रेडिओ शोधायला बाहेर पडतो, दोघं वेगळे होतात, मग क्रिस्टनही बाहेर पडते, पडते-धडपडते, पाय दुखावते. नकाशा घराबाहेर सांडला की भीती पातळ होते. झाडी आणि कोठाराचा आराखडा आपल्याला कुणी दिलेलाच नाही. 'पात्रं मूर्खासारखी वागतात' ही समीक्षकांची तक्रार मला या भागापुरती रास्त वाटते. माणूस घाबरून चुकतो हे मान्य, पण चुकीच्या आधी दुसरा पर्याय करून पाहिलेला आणि फसलेला दिसला पाहिजे.

'हश'ने हेच काम चोख केलं आहे, आणि त्याचे टक्के थोडेफार त्यामुळेही आहेत. नायिका मॅडी लेखिका आहे, तिला ऐकू येत नाही, बोलता येत नाही. हल्लेखोराने वीज तोडली, टायर फाडले. ती काचेवर लिपस्टिकने लिहिते की तुझा चेहरा पाहिलेला नाही, कुणाला सांगणार नाही. तो तिच्यासमोर मुखवटा काढतो. झालं, तडजोडीची वाट बंद. पुढे ती लेखिकेच्या डोक्याने एकेक पर्याय मनात चालवून पाहते: पळाले तर, लपले तर, वाट पाहिली तर. प्रत्येकाचा शेवट मरणातच. 'ती पळत का नाही?' हा प्रश्न प्रेक्षकाने विचारायच्या आत चित्रपटाने सोडवलेला असतो.

जुना नमुना हवा तर 'वेट अनटिल डार्क' (१९६७). दृष्टी गेलेली नायिका घरातले बल्ब फोडते, अंधारात दोघं बरोबरीला येतात. राहतो फक्त फ्रिजमधला दिवा. फ्रिज तिथे आहे हे आपल्याला केव्हापासून ठाऊक असतं!

उंबरठा

चौकट_कॅमेरा यांचं बहुतेक पटलं, पण मतं दुभंगली ती मधल्या धावपळीवरून नव्हे. मुळात भांडण हेतूवरून होतं, आणि परीक्षणात तेच पुढे यायला हवं.

'तुम्ही आमच्याशी असं का करताय?' या प्रश्नाला 'कारण तुम्ही घरी होतात' एवढंच उत्तर मिळतं. विरोधी समीक्षकांना हा पोकळपणा वाटला: दीड तास छळ पाहायचा आणि हाती काहीच नाही. चित्रपटाच्या बाजूने असलेल्यांना हेच खरं वाटलं. बर्टिनोने सांगितलेली मुळातली आठवण इथे उपयोगी पडते. त्याच्या लहानपणी कुणीतरी दार ठोठावून तिथे न राहणाऱ्या माणसाची चौकशी केली. नंतर कळलं की ज्या घरांतून ओ आली नाही ती घरं त्या टोळीने फोडली. चोराला घर रिकामं हवं असतं. चित्रपटाने ते नेमकं उलटं केलं: थाप तीच, प्रश्न तोच, पण इथे आत माणूस आहे म्हणून ते शिरतात. त्या एका वाक्याच्या उत्तरामागे एवढं बांधकाम आहे. ते न पाहता 'हेतू नाही' म्हणणं मला अन्यायाचं वाटतं.

यातूनच एक खबरदारी. सुरुवातीला पडद्यावर सत्य घटनांचा हवाला येतो, म्हणून कित्येक लेखांत 'सत्यकथा' असं ठोकून दिलेलं असतं. तसं लिहू नका. या जोडप्याची गोष्ट काल्पनिक आहे. ही आठवण आणि अमेरिकेतल्या मॅन्सन टोळीच्या हत्यांबद्दलचं वाचन, एवढाच त्यातला सत्याचा अंश.

शेवटही याच धोरणाने आहे. सकाळच्या उजेडात तिघं हल्लेखोर मुखवटे काढतात, जेम्स आणि क्रिस्टन त्यांचे चेहरे पाहतात, आपण पाहत नाही. ज्यांना उलगडा हवा होता त्यांना ही फसवणूक वाटली. माझ्या मते चेहरे दाखवले असते तर चित्रपट तिथेच संपला असता. कुठलाही चेहरा त्या कोऱ्या मुखवट्यापेक्षा लहानच पडला असता.

हानेकेशी तुलना कराल तर फरक जपून मांडा. 'फनी गेम्स'मध्ये हल्लेखोर प्रेक्षकाकडे पाहून बोलतो, आणि रिमोटने घडलेली गोष्ट मागे नेतो. तिथे आरोपी प्रेक्षक आहे. बर्टिनो प्रेक्षकावर काहीच आरोप करत नाही.

आपल्याकडचं उदाहरण घ्यायचं तर 'कौन' (१९९९). गाणी नाहीत, पात्रं मोजकी, दारावरची बेल, आणि आत कुणाला घ्यायचं हा घोळ. मात्र तो चित्रपट संशयावर चालतो, 'द स्ट्रेंजर्स'मध्ये संशयाला जागाच नाही. एका वाक्यात उल्लेख करून सोडून द्या.

निशाचर_७

'दुभंगलेलं मत' आणि हेतूचा मुद्दा, दोन्ही घेतो. आभार. एकच राहिलं: २०२४ च्या 'द स्ट्रेंजर्स: चॅप्टर १'चे टक्के वीस-बावीसच्या आसपास आहेत. मुखवटे तेच, थाप तीच, मग एवढी घसरण का?

चौकट_कॅमेरा

दोन कारणं ठळक आहेत. रेनी हार्लिनने तीन भाग एकदमच चित्रित केले, त्यामुळे पहिल्याला स्वतःचा शेवट नाही. आणि मूळ चित्रपटाचे प्रसंग जवळजवळ त्याच क्रमाने येतात. दार कधी वाजणार हे प्रेक्षकाला ठाऊक असतं. मागे उमटणारी आकृती एकदा पाहिलेली असली की दुसऱ्यांदा कोपरे चाळायची गरजच उरत नाही.

पुढच्या भागांशी तुलना करायचीच असेल तर २०१८ च्या 'प्रे ॲट नाइट'शी करा. टक्के त्याचेही कमीच आहेत, पण योहानेस रॉबर्ट्सने जागाच बदलली: घराऐवजी ओस पडलेलं ट्रेलर पार्क. नकाशा नवा, म्हणून डावपेचही नवे. त्यातला रात्रीचा तरणतलावाचा प्रसंग, निऑनचे दिवे, मोठ्याने वाजणारं ऐंशीच्या दशकातलं गाणं आणि पाण्यात शिरलं की दबणारा आवाज, तेवढा आवर्जून पाहा. चित्रपट न आवडलेल्यांनीही त्या प्रसंगाचं कौतुक केलं आहे.