मदत हवी: पुरासाठी गावातली पोरं तयार करायचीत, शिकवणार कोण?

केळीपट्टा: पावसाळा तोंडावर आलाय. पोरं तयार आहेत, सरपंच आणि पोलीस पाटलांचा होकार आहे. दोन ऑफिसांत विचारलं, दोघांनी एकमेकांकडे बोट दाखवलं. प्रशिक्षण कुठे मिळतं? लवकर सांगा.

गिरणाकाठ: गाव कुठलं, नदी कोणती, वर धरण आहे का? काहीच लिहिलं नाही भाऊ.

पांझरेवाला: रबरी बोट घ्या आधी. लोकवर्गणी करा. २०१९ च्या ऑगस्टमध्ये धुळ्यात पांझरा नदीचं पाणी मी बघितलंय, बोटीशिवाय काही होत नाही.

केळीपट्टा: जळगाव जिल्हा, सातपुड्याचा पायथा. नदी नाही, नाला आहे. गावात ऊन असतं आणि वरच्या पावसाचं पाणी येऊन धडकतं. पलीकडे वस्ती आहे, मधे फरशी पूल.

गिरणाकाठ: हे पहिल्याच पोस्टमध्ये पाहिजे होतं! तापीकाठी हतनूर धरणाचे दरवाजे उघडायच्या आधी इशारा येतो, इतके क्युसेक सोडणार म्हणून. तुम्हाला कोण इशारा देणार? वरच्या पाड्यांवरच्या दोन-तीन जणांशी बोलून ठेवा. तिथं रेंज नसते, म्हणून रेंजच्या टेकडीपर्यंत पळणारं पोरगं पण ठरवा. खाली भोंग्यावरून पुकारा.

पांझरेवाला: तरी बोट लागेलच.

सातपुडी: बोट लिसन काय करशी भाऊ? डोंगरना नालामा गोटा आनि झाडं वाही येतस. बोट फाटेल आणि आतली पोरंही जातील.

पांझरेवाला: मग बुडणाऱ्याला नुसतं बघत बसायचं?

सातपुडी: दोर फेकायचा. टोकाला रिकामा, बूच घट्ट लावलेला कॅन बांधा, तरंगतो. फेकणाऱ्याने काठावर आडवं पडायचं, मागून दोघांनी त्याचे पाय धरायचे. पट्टीचा पोहणारा आहे म्हणून कोणाला उतरू देऊ नका. गुडघाभर वाहतं पाणीही माणसाला पाडतं. फरशी बुडाली की दोन्ही तोंडाला दोन-दोन पोरं उभी करा, मोटरसायकलवाले ऐकत नाहीत.

शेतीमित्र: केळीचं नुकसान झालं तर लगेच विमा कंपनीला कळवा, पाण्यासकट फोटो काढा. पंचनाम्याची वाट बघू नका.

केळीपट्टा: दादा, विम्याचं नंतर बघू. शिकवायला कोण येईल ते सांगा ना कोणी.

निवृत्त तलाठी: नीट वाचा. सरकारच्या 'आपदा मित्र' योजनेत १२ दिवसांचं प्रशिक्षण असतं, नंतर साहित्याचा संच मिळतो. पुढची तुकडी कधी निघेल त्यावर विसंबू नका. आधी शिकलेले आपदा मित्र तुमच्याच जिल्ह्यात आहेत, त्यांची यादी जिल्हाधिकारी कार्यालयातल्या आपत्ती व्यवस्थापन शाखेकडून मागा. जवळच्या दोघांना एक रविवार बोलवा. धुळ्यात एसडीआरएफची (राज्य आपत्ती प्रतिसाद दलाची) तुकडी आहे, प्रात्यक्षिकाची विनंती तहसीलदारांमार्फत करा. तोंडी बोलून काही होत नाही. ग्रामपंचायतीच्या लेटरहेडवर अर्ज, पोच घ्या.

आशाताई_चोपडा: सगळे दोराचंच बोलता. नाल्याकाठच्या घरांत कोण चालू शकत नाही, कोणाचे दिवस भरत आलेत, याची यादी आहे का? कोणाला कोण उचलणार, नावं आत्ताच लिहा. आशा, अंगणवाडी सेविकांना बैठकीला बोलवा, नुसती पोरं नकोत. पाणी ओसरल्यावर विहिरीत टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकायला सांगा. साप चावला तर मांत्रिक नको, कापाकापी नको, थेट सरकारी दवाखाना.

गिरणाकाठ: आणि वायरमनचा नंबर. डीपी (विजेचा ट्रान्सफॉर्मर) बंद झाल्याशिवाय पाण्यात पाय नाही. गुरांचे दावे सोडणारा माणूसही ठरवा, नाहीतर म्हातारी माणसं गोठ्याकडे धावतात.

पांझरेवाला: बरं, बोट राहू द्या. लाइफ जॅकेट तरी घ्या.

सातपुडी: ते पटलं.

केळीपट्टा: ताई, यादीचं डोक्यातच नव्हतं, उद्याच आशांना भेटतो. तलाठी भाऊसाहेब, अर्जात विषय काय लिहू?

निवृत्त तलाठी: 'मौजे अमुक येथील स्वयंसेवकांना पूर बचाव प्रशिक्षण व प्रात्यक्षिक मिळणेबाबत.' खाली पोरांची नावं, वय, मोबाईल. ग्रामसभेचा ठराव जोडा. प्रत जिल्ह्याला.

शेतीमित्र: केळीला टेकू दिलेत का यंदा?