वीरगळासमोर फोन धरला तर मुलांना तो वाचता येईल का? (ऑगमेंटेड रिॲलिटीबद्दल मदत हवी)

सत्तरीची_टीचर

नमस्कार मंडळी. गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या एका मराठी प्राथमिक शाळेत शिकवते. आमच्या चौथीची सहल जुन्या गोव्याला जाते आणि सेंट फ्रान्सिस ऑफ असिसी चर्चला लागून असलेलं पुरातत्त्व संग्रहालय त्यात ठरलेलं असतं. आत गेल्यावर मुलं पोर्तुगीज गव्हर्नर अल्बुकर्कच्या ब्राँझ पुतळ्यापाशी थांबतात, कारण तो उंच आहे. व्हाइसरॉयांच्या तसबिरींच्या दालनात दाढ्या, मिशा, तलवारी बघत रमतात. वीरगळांसमोरून, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांच्या आठवणीसाठी कोरलेल्या दगडांसमोरून, मात्र चालता चालता निघून जातात.

मला हे फार लागतं. ती चित्रं दुसऱ्यांच्या राजांची आहेत, तो दगड मात्र त्यांच्याच मातीतला. आमच्या भागात देवळाच्या आवारात, झाडाखाली असे दगड आजही उभे असतात. केळबाय या गावदेवीला ही मुलं आईचा हात धरून फूल वाहतात. संग्रहालयात गजलक्ष्मीचं शिल्प समोर आलं तर ती तीच आहे, हे त्यांना कळत नाही. वीरगळ खालून वर वाचायचा असतो हे मी वर्गात फळ्यावर काढून दाखवते: खाली लढाई, मधे वीराला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा, वर शिवलिंगापुढे हात जोडून बसलेला वीर आणि माथ्यावर चंद्र-सूर्य. फळ्यावर सगळ्यांना समजतं. प्रत्यक्ष दगडासमोर गेलं की कोरीवकाम इतकं झिजलेलं असतं की मोठ्यांनाही घोडा कुठे नि माणूस कुठे ते सापडत नाही.

माझ्या मनात आहे ते असं. फोन दगडासमोर धरावा, खालची चौकट उजळावी, झिजलेली रेषा पुन्हा उमटावी, मग पुढची चौकट. आवाज मराठीत, मुलांच्या बोलीचा. कॅमेऱ्यातल्या दृश्यावर चित्र उमटवणारी ही ऑगमेंटेड रिॲलिटी, म्हणजे एआर, इथे जमण्यासारखी आहे का? मुलांकडे फोन नसतात, पालकांचे असतात आणि ते साधे असतात. जाड भिंतींच्या आत नेटवर्कचा भरवसा नाही. आणि सगळ्यात मोठी काळजी ही की पोरं फोनच बघत राहतील. दगडाकडे नजर परत वळली पाहिजे, नाहीतर या सगळ्याला अर्थ नाही.

फोंड्याचा_कोडर

टीचर, जमण्यासारखं आहे, पण ज्या वाटेने जाईल असं वाटतं त्या वाटेने नाही.

फोन चित्र ओळखतो म्हणजे कॅमेऱ्यात दिसणारे ठळक बिंदू शोधतो: कोपरे, ठिपके, गडद-फिका बदल. ते बिंदू आणि फोनमधले हालचाल मोजणारे सेन्सर यांच्या जोरावर तो आपली जागा ठरवतो आणि त्यानुसार चित्र हवेत स्थिर ठेवतो. एआर ॲप बनवण्याची साधनं म्हणजे ॲपलचं एआरकिट, ते २०१७ मध्ये आलं, आणि गूगलचं एआरकोर, ते २०१८ मध्ये सर्वांसाठी खुलं झालं. दोघांचं मूळ गणित हेच. आता झिजलेला दगड घ्या. रंग एकच, कडा बोथट, आणि खिडकीतलं ऊन सरकलं की सावल्या बदलतात. सकाळी ओळखलेला दगड दुपारी फोनला परका वाटतो. म्हणून खूण दगडावर शोधू नका, शेजारच्या छापील फलकावर शोधा. फलक सपाट असतो, त्यावर भरपूर अक्षरं किंवा नक्षी असते, तो कुठे लावलाय हे ठरलेलं असतं. फोनने फलक ओळखला की दगड त्याच्या उजवीकडे किती अंतरावर आहे हे आपण आधीच सांगून ठेवायचं. फलकाला काच मात्र नको, तिची चकाकी सगळं बिघडवते.

साध्या फोनचा प्रश्न खरा आहे. एआरकोर सगळ्या अँड्रॉइड फोनवर चालत नाही. पण माइंडएआर किंवा एआर डॉट जेएससारख्या मुक्त लायब्रऱ्या (तयार कोडचे संच) ब्राउझरमध्येच चित्र ओळखतात. क्यूआर स्कॅन केला, पान उघडलं, कॅमेऱ्याला परवानगी दिली, झालं. ॲप उतरवायला नको. नेटवर्कसाठी शाळेच्या दोनचार टॅबमध्ये सगळं आधीच भरून न्या.

दगडाचं त्रिमितीय मॉडेल बनवण्याचं काम मात्र घाईने करू नका. दगडाभोवती फिरत, प्रत्येक फोटो आधीच्या फोटोवर साठ-सत्तर टक्के येईल असे फोटो काढायचे, सावली नसलेल्या मऊ उजेडात. त्यातून संगणक त्रिमितीय आकार उभा करतो. पण झिजलेल्या रेषा त्यात येत नाहीत. त्यासाठी उलटी युक्ती: अंधारात कॅमेरा एका जागी पक्का ठेवायचा आणि बॅटरीचा उजेड दगडाच्या अगदी बाजूने, जवळजवळ घासून टाकायचा. दिवसा सपाट दिसणाऱ्या दगडावर अचानक घोड्याचा पाय, ढालीची गोलाई वर येते. बॅटरी फिरवत एकेक दिशेने फोटो घेतले की ते एकत्र करून रेषाचित्र काढता येतं. संग्रहालयात ट्रायपॉड आणि दिवे लावायचे तर पुरातत्त्व खात्याची लेखी परवानगी लागेल, आधी अर्ज करून ठेवा.

कुशावतीकाठ

कोडर बाबांनी बाजूच्या उजेडाचं सांगितलं ते सोळा आणे खरं. आमच्या भागात उसगाळीमळला कुशावती नदीच्या काठी जांभ्यावर कोरलेली चित्रं आहेत: बैल, हरणं, माणसं आणि ते प्रसिद्ध चक्रव्यूहासारखं वर्तुळ. दुपारी बारा वाजता गेलात तर नुसता खडक दिसेल. सकाळी किंवा संध्याकाळी तिरप्या उन्हात तोच खडक बोलायला लागतो. लोक काय करतात, तर रेषा दिसाव्यात म्हणून खडूने गिरवतात, फोटोसाठी चित्रावरच उभे राहतात. हजारो वर्षं टिकलेली रेघ आपल्या चपलांनी पुसायची! माझ्या मते गोव्यात एआरची पहिली गरज तिथे आहे. फोनवर रेषा उजळली तर खडूही नको आणि चित्रावर पाय ठेवायलाही नको.

दुसरी जागा जुन्या गोव्यातच, सेंट ऑगस्टिनचा मनोरा. १६०२ मध्ये बांधलेला, सुमारे ४६ मीटर उंच. मठ ओस पडला, १८४२ मध्ये चर्चचं छत कोसळलं, १९३१ मध्ये मनोऱ्याचाही मोठा भाग पडला. त्याची घंटा आज पणजीच्या चर्चमध्ये वाजते. तिथे उभ्या असलेल्या अर्ध्या मनोऱ्यासमोर फोन धरून उरलेलं चर्च उभं राहिलेलं दिसलं तर मोठी माणसंसुद्धा गप्प होतील. लंडनच्या संग्रहालयाने २०१० मध्ये स्ट्रीटम्युझियम नावाचं ॲप काढलं होतं, रस्त्यावर उभं राहिलं की त्याच जागेचा जुना फोटो समोरच्या दृश्यावर दिसायचा. कल्पना तीच. फक्त उघड्यावर जीपीएस काही मीटर चुकतो, त्यामुळे इमारत बाजूला सरकते. जमिनीवर 'इथे उभे राहा' अशी खूण केली की हा त्रास बराच कमी होतो. आणि ऊन डोक्यावर असताना स्क्रीन दिसत नाही, हे दाखवताना लक्षात ठेवा.

एक विनंती मात्र कळकळीने करतो. जे दगडावर दिसतं ते ठळक रेषेत दाखवा आणि जे आपण अंदाजाने भरलं ते तुटक रेषेत. मूल स्क्रीनवर बघेल ते खरं मानेल. वीराचा चेहरा झिजून गेला असेल तर तो आपल्या मनाने काढून देऊ नका.

दोन_मुलांची_आई

मी तंत्रज्ञ नाही, पण मुलांना घेऊन बरीच संग्रहालयं पाहिली आहेत आणि टीचरची काळजी माझीही आहे. वॉशिंग्टनच्या नॅशनल म्युझियम ऑफ नॅचरल हिस्टरीने २०१५ मध्ये 'स्किन अँड बोन्स' नावाचं ॲप काढलं. जुन्या हाडांच्या दालनातले सांगाडे जागचे हलवले नाहीत, फक्त फोन धरला की सांगाड्यावर कातडी चढायची, प्राणी हलायचा. मला त्यात आवडली ती गोष्ट म्हणजे दालन तसंच राहिलं. ज्याला फोन नको त्याला सांगाडे तसेच बघता येतात.

चौघांत एकच टॅब द्या. एकाच्या हातात टॅब, बाकी तिघांना शोधायचं काम. आवाजाने आधी प्रश्न विचारावा, 'वीराच्या हातात काय आहे?' आणि स्क्रीन काळी व्हावी. मुलांनी दगडात शोधावं, बोट दाखवावं (लावू नये, फक्त दाखवावं), मग बटण दाबलं की रेषा उजळेल. उत्तर आधी दिलंत तर कोणी दगड बघणार नाही. आणि आवाज दीड मिनिटापेक्षा लांब नको, चौथीतली मुलं उभ्याने तेवढंच ऐकतात. निवेदनाची भाषा पुस्तकी ठेवू नका. 'सदर शिल्प' म्हटलं की मुलं गेलीच.

सत्तरीची_टीचर

सगळ्यांचे मनापासून आभार. स्क्रीन काळी करायची कल्पना मी घेतली, हेच मला हवं होतं. ठोस आणि तुटक रेषेचं तर वर्गातही उपयोगी पडेल, मुलांना आपलं निरीक्षण आणि आपला तर्क वेगळा ठेवायला शिकवता येईल.

आता असं ठरवलंय: संग्रहालयाच्या परवानगीचा अर्ज देते, पण त्याची वाट बघत बसत नाही. गावच्या देवळाच्या आवारातला एक वीरगळ आधी करायचा, सहलीच्या आधी मुलांनी तो वाचायला शिकायचा. गावकर मंडळींशी बोलले, त्यांची हरकत नाही, फक्त देवाच्या कौलाशिवाय दगड हलवायचा नाही म्हणाले. हलवायचा प्रश्नच नाही. आवाज आमच्या शाळेतल्याच एका मुलीचा घ्यायचा विचार आहे, शिगम्यात तिने पुढे होऊन गायलं होतं, शब्द स्वच्छ आहेत. अडचण एकच: दगडावर शेवाळ आहे. फोटो काढण्याआधी साफ करू का?

फोंड्याचा_कोडर

नको! ब्रश, नारळाची शेंडी, साबण, ॲसिड काहीही लावू नका. घासताना शेवाळाबरोबर दगडाचा वरचा थरही निघतो आणि उरलीसुरली रेघ जाते. दिवाळीनंतर हवा कोरडी पडली की शेवाळ आपोआप वाळतं, तेव्हा सैल झालेला पाचोळा तेवढा हाताने बाजूला करा. पहिले फोटो डिसेंबरमध्ये काढू. रात्री सातनंतर अंधार पुरेसा असतो, मी बॅटरी आणि ट्रायपॉड घेऊन येतो. देवळाच्या आवारातले दिवे तासभर बंद ठेवता येतील का, एवढं गावकरांना विचारून ठेवा.