मदत हवी आहे: दवाखान्यातून घरी परतणाऱ्या फिनिश आजींचं त्यांच्या भाषेत स्वागत कसं करावं?

धागाकर्ती

नमस्कार मंडळी. आम्ही फिनलंडमध्ये ताम्पेरेला, हेर्वान्ता भागात राहतो. समोरच्या घरात एक आजी एकट्याच राहतात, वय ऐंशीच्या पुढे. फेब्रुवारीत बर्फावरून पाय घसरला आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, मग चालायचे व्यायाम वगैरेसाठी तिथेच ठेवून घेतलं होतं. आता गुरुवारी त्या घरी येणार आहेत.

माझी आई सांगलीहून आमच्याकडे आलेली आहे. तिची आणि या आजींची मैत्री झाली ती पुल्लावरून, म्हणजे इथल्या गोड पावावरून. आजींनी घरी केलेला पुल्ला आणून दिला, आईने तुकडा मोडून वास घेतला आणि म्हणाली, "अगं, वेलदोडा!" आजी म्हणाल्या, "कार्देमुम्मा!" तेव्हापासून दोघी रोज कॉफीला एकत्र. एकीला फिनिश येत नाही, दुसरीला मराठी येत नाही, तरी तास तास बसायच्या. आजी पडल्या तेव्हापासून आईचा जीव थाऱ्यावर नाही.

आईचा व्हिसा ९० दिवसांचा, ती पुढच्या रविवारी परत निघेल. त्याआधी तिला आजींना दारात भेटून त्यांच्या भाषेत दोन वाक्यं बोलायची आहेत. मोबाइल पुढे धरून नाही, स्वतःच्या तोंडाने. माझं ऑफिस सगळं इंग्रजीत चालतं, त्यामुळे माझं फिनिश दुकानापुरतंच.

'तेर्वेतुलोआ' म्हणजे स्वागत, एवढं माहीत आहे. पण 'तेर्वेतुलोआ ताकाइसिन' म्हणावं की 'तेर्वेतुलोआ कोतीन'? सुपरमार्केटच्या दारावर 'तेर्वेतुलोआ ऊदेल्लेन' लिहिलेलं असतं, ते चालेल का? 'तुमची फार आठवण आली' हे कसं म्हणायचं? आणि आई वयाने मोठ्या बाईंना नुसत्या नावाने हाक मारायला अजिबात तयार नाही, त्याचं काय करू? मुलगा कार्ड करतोय, त्यावरही काहीतरी लिहायचं आहे. उच्चार देवनागरीतच द्या, आई कागदावर उतरवून पाठ करणार आहे.

प्रतिसाद (हेल्सिंकीकर)

आधी ते 'ऊदेल्लेन' बाजूला काढा. दुकानाच्या दारावर ते बाहेर पडणाऱ्यांसाठी असतं, 'पुन्हा या' अशा अर्थाने. दवाखान्यातून आलेल्या माणसाला ते म्हणायचं नसतं.

'ताकाइसिन' म्हणजे परत. सुट्टीनंतर कामावर आलेल्या सहकाऱ्याला, शाळेत परतलेल्या मुलाला 'तेर्वेतुलोआ ताकाइसिन' शोभतं. आजी स्वतःच्या घरी येताहेत, म्हणून 'तेर्वेतुलोआ कोतीन'. 'कोती' म्हणजे घर, 'कोतीन' म्हणजे घराकडे. त्या येऊन एकदोन दिवस झाल्यावर भेटणार असाल तर 'इहानाऽ, कुन ओलेत तास कोतोना' जास्त बरं वाटेल: तुम्ही पुन्हा घरी आहात, किती छान! कोतोना म्हणजे घरी. फिनिशमध्ये १५ विभक्त्या आहेत, पण तुमच्या आईंना या दोनच पुरतील.

प्रतिसाद (ओउलूत दहावा हिवाळा)

उच्चाराबद्दल मी लिहिते, कारण इथे मराठी माणसाला फायदा आहे. फिनिश त हा आपला दंत्य त, इंग्रजीसारखा ट नाही. क, प, त यांत फुंकर घालायची नाही. जोर नेहमी पहिल्या अक्षरावर, म्हणजे तेर्वेतुलोआ, कोतीन. ज्या 'ए'च्या डोक्यावर दोन टिंबं असतात तो बॅटमधला ॲ.

ऱ्हस्व-दीर्घ मात्र काटेकोर पाळा. तुली म्हणजे आग, तूली म्हणजे वारा, तुल्ली म्हणजे कस्टम्स. 'तापान सिनुत' म्हणजे मी तुला भेटेन, आणि त्यातला 'पा' आखूड केला की 'तापन सिनुत', मी तुला ठार मारेन. म्हणून आईंना 'कोतीन'मधली 'ती' चांगली लांबवायला सांगा.

आठवणीसाठी: 'मिनुल्ला ओलि सिनुआ इकॅवॅ.' मला तुझी आठवण येत होती. सगळ्यांतर्फे म्हणायचं तर 'मिनुल्ला'ऐवजी 'मेइल्लॅ'. 'इकॅवॅ'चे दोन्ही ॲ नीट आले पाहिजेत, बाकी थोडं इकडेतिकडे झालं तरी कळतं.

प्रतिसाद (ताम्पेरेचाच)

अहो, ताम्पेरेत असून 'मोरो' राहिलंच की! हे इथलं खास अभिवादन. आईंना मोरोपंतांमुळे सहज लक्षात राहील. दार उघडलं की आधी 'मोरो', मग 'तेर्वेतुलोआ कोतीन'. आजी खूश होतील, कारण बाहेरून आलेला माणूस सहसा 'हेई' किंवा 'मोई' म्हणतो.

नावाचा प्रश्न: इथे शेजारी वयाने कितीही मोठे असले तरी पहिल्या नावानेच हाक मारतात, त्यात अनादर नाही. आपल्या 'तुम्ही'सारखं आदरार्थी 'ते' फिनिशमध्ये आहे, पण रोजच्या ओळखीत फार कमी ऐकू येतं, आणि रोज कॉफी पिणाऱ्या मैत्रिणीला ते परकंच वाटेल. पण आईंना जड जात असेल तर जबरदस्ती नको. 'तेर्वेतुलोआ कोतीन'मध्ये ना नाव लागतं ना सर्वनाम. एकाला म्हणा, दहाजणांना म्हणा, तेच.

आजी बहुतेक 'कीतोस', म्हणजे धन्यवाद, म्हणतील, आणि कदाचित 'ओमा कोति कुल्लान काल्लिस', आपलं घर सोन्याच्या मोलाचं. त्यानंतर त्या गप्प राहिल्या तर आईंना सांगा, ती नाराजी नसते. इकडे दोन वाक्यांमध्ये माणूस थांबतो, ती जागा लगेच भरायची घाई करू नका.

एक मात्र मनापासून सांगतो. गुरुवारी थेट बेल वाजवू नका. तो दिवस दमवणारा असतो, घरी मदतनीस किंवा नर्सही येतील. त्या दिवशी कार्ड दारातल्या टपालाच्या फटीतून आत सरकवा आणि मेसेज करून विचारा, कॉफीला केव्हा येऊ. शनिवार मिळेल.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. ते 'ऊदेल्लेन' तर मी कार्डावर लिहायलाच सांगणार होते. आता कार्डावर 'तेर्वेतुलोआ कोतीन' आणि खाली लवकर बरं होण्याच्या शुभेच्छा, असं ठरवलंय. त्या कशा लिहायच्या? शनिवारी पुल्ला आपण करून न्यायचा असं आईने जाहीर केलंय, वेलदोडे सांगलीहून आणलेले आहेतच.

प्रतिसाद (हेल्सिंकीकर)

'पिकाइस्ता पारानेमिस्ता.' त्याखाली घरातल्या सगळ्यांची नावं, आईंचं सर्वांत वर. आणि रोमन लिपीत लिहिताना 'कोतीन'मध्ये आय दोनदा येतो, तेवढं मुलाकडून बघून घ्या. पुल्ला नेताय तर कॉफी त्यांना करू देऊ नका, थर्मासमधून घेऊन जा. खुबा बरा होईपर्यंत ओट्याशी उभं राहणं जड जातं.